पावसाची माफी मागणारा नवरा

डोंबिवलीच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 62, आयुष्य मुंबईच्या गोदीत हिशेबखात्यात गेलं, आता निवृत्त. गोदीच्या कागदांवर दीपगृहांची नावं वाचता वाचता ती प्रत्यक्ष पाहायचं वेड लागलं, पुढे त्यात जुन्या घरांची भर पडली. गेल्या जुलैत ते पत्नीला घेऊन पाच दिवसांसाठी रत्नागिरीला गेले. यादीत चार दीपगृहं, तीन जुन्या वास्तू आणि दोन किल्ले. पाऊस रोज पडला. एका दीपगृहावर सकाळी पोचले तर फाटक बंद, एका वास्तूवर पोचले तर तिचा सुट्टीचा वार, दोन रात्री वीज नाही. पत्नी बराच वेळ उतरलेल्या घराच्या ओटीवरच बसून होत्या. चौथ्या दिवशी यांनी कंटाळून परतीची तत्काळ तिकिटं काढली. गाडीत हे सारखी माफी मागत होते आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग तो विषय घरात निघालाच नाही. यंदा भरपाई म्हणून त्यांनी, पत्नीला न सांगता, डिसेंबरातल्या राजस्थान सहलीचे आगाऊ पैसे भरले. आणि गेल्या आठवड्यात चहा पिताना पत्नी म्हणाल्या, "यंदाही जुलैतच जायचं ना? त्याच घरी जाऊ. पावसातच." वाचक विचारतात : हा टोमणा समजू, की माझ्यासाठी केलेला त्याग? आणि राजस्थानचं काय करू?

नमस्कार,

तुमचं पत्र चार पानी आहे. हिशेबखात्यातल्या माणसाचं पत्र, म्हणून मीही जरा हिशेब मांडून पाहिला. बंद फाटकं, ओले बूट, गेलेली वीज, गाडीवाल्याचं भाडं आणि एकंदरीत पाऊस यांना मिळून साडेतीन पानं. पत्नीला सात ओळी. त्यातल्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. तिसऱ्या संध्याकाळी तुम्ही चिखलात बरबटून, दीपगृह न बघताच परत आलात, तेव्हा पत्नी घरमालकिणीच्या सासूबाईंबरोबर ओटीवर फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या आणि दोघी हसत होत्या. पुढे तुम्ही लिहिता, 'मला वाटलं, माझ्यावरच हसतायत.'

कशाला हसत होत्या, विचारलंत का?

पत्रात तरी तसं काही नाही. तुम्ही आत जाऊन पाय धुतलेत आणि उद्याच्या यादीत फेरफार करत बसलात. वर्षभर तुम्ही ज्या सहलीला 'फुकट गेलेली' म्हणताय, तिच्यात एक बाई कंदिलाच्या उजेडात, वर पाऊस कोसळत असताना, एका अनोळखी म्हातारीबरोबर खळखळून हसत होती. तुमच्या वहीत याची नोंद कुठल्या रकान्यात झाली? कुठल्याच नाही. वहीत रकाने दोनच, 'पाहिलं' आणि 'राहिलं'. नऊपैकी तीन, म्हणजे तेहेतीस टक्के, काठावर नापास, असा तुम्ही निकालही लावून टाकलात.

मी तुमची चेष्टा करत नाहीये. याद्या करणाऱ्या माणसांबद्दल मला माया आहे, माझ्या घरात एक आहे. पण ही यादी कुणाची होती, हे जरा आठवून बघा. नऊ नावांपैकी एक तरी त्यांनी सुचवलेलं होतं का? तुम्हीच लिहिलंय की मालगुंडला केशवसुतांचं घर पाहायचं ठरलं होतं, पण 'त्या दिवशी वेळ कमी होता, म्हणून ते गाळून जयगडचं दीपगृह धरलं', आणि तेही बंद मिळालं. तुमची पत्नी मराठीची शिक्षिका. ज्या कवीच्या कविता त्यांनी वर्गात वर्षानुवर्षं शिकवल्या असतील, त्याचं घर वाटेवर होतं. ते गाळायचं कुणी ठरवलं, आणि गाडीत मागे बसलेल्या व्यक्तीला कुणी विचारलं का, एवढंच मला कळत नाहीये.

आता ती माफी. गाडीत तुम्ही रत्नागिरी ते पनवेल माफी मागत होतात. पावसाची. म्हणजे बघा, रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि हे तुम्ही आणि त्या दोघंही शाळेपासून जाणता. पावसाचं उत्तरदायित्व तुमच्याकडे कधी आलं? माफी मागायची तर गाडीवाल्यावर ओरडलात त्याची मागता आली असती. पण तसल्या माफीचा एक त्रास असतो, तो मागणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तुम्ही 'सॉरी' म्हटलंत की समोरच्याला 'अहो, राहू द्या' म्हणावं लागतं. एकदा ठीक आहे. दहाव्यांदा समोरच्याला वाटायला लागतं की आता आपली सहल आपल्याला कशी वाटली, हे बाजूला ठेवून आधी यांची समजूत काढली पाहिजे. ज्या बाईनं तेहेतीस वर्षं पोरांना 'असू दे, पुढच्या वेळी नीट लिही' म्हटलं, ती निवृत्तीनंतर गाडीत तरी खिडकीबाहेर बघणारच. कोकण रेल्वेच्या खिडकीबाहेर जुलैत बघण्यासारखंही खूप असतं हो.

तर, टोमणा की त्याग? तुम्ही दोनच पर्याय दिलेत आणि दोन्हींत केंद्रस्थानी तुम्हीच. तिसरा पर्याय साधा आहे : त्यांना जायचंय.

टोमण्याचं म्हणाल तर तो ताजाच मारायचा पदार्थ आहे, अकरा महिने कुणी मुरवत ठेवत नाही. (बायका ठेवतात, मला माहीत आहे. पण त्या टोमण्यांत तिकिटांचा आणि राहण्याचा खर्च नसतो.) शिवाय टोमणा मारणारी व्यक्ती 'त्याच घरी' असं नेमकं सांगत नाही. त्यागाची शक्यता मात्र मी अगदीच फेटाळणार नाही. तेहेतीस वर्षांच्या संसारात माणसं एकमेकांच्या आवडी अशा काही गिळतात की पुढे कुणाची कुठली ते त्यांनाही सांगता येत नाही. पण मला अजून एक शक्यता दिसते आणि ती जरा टोचेल. पाच दिवसांची सहल तुम्ही चौथ्या दिवशी मोडलीत, परस्पर. कदाचित त्यांना तो पाचवा दिवस परत हवा असेल.

आता राजस्थान. तेही परस्परच! गेल्या वर्षी त्यांच्या वतीनं ठरवलंत की त्या कंटाळल्यात, यंदा त्यांच्या वतीनं ठरवलंत की त्यांना कोरडी हवा हवी. दोन्ही वेळा हेतू चांगला, आणि दोन्ही वेळा त्यांना कळलं ते सगळ्यात शेवटी. तेव्हा पहिलं काम, हे वाचून झाल्यावर आजच, राजस्थानचं सांगून टाका. 'सरप्राइज' म्हणून नको, चूक म्हणूनही नको. घरातल्या पैशांची माहिती म्हणून सांगा. अमुक इतके भरलेत, अमुक तारखेपर्यंत रद्द केले तर इतके परत मिळतात. पावतीच्या मागची बारीक अक्षरं आधी वाचून ठेवा, तुमच्या हातचंच काम आहे. त्या रागावतील. रागावू द्या, आणि कृपा करून त्या रागाचीही माफी मागत बसू नका. 'डिसेंबरात जैसलमेर, जुलैत रत्नागिरी, दोन्ही करू' असंही त्या म्हणतील. निवृत्तिवेतनात दोन्ही बसत असेल तर माझी हरकत असण्याचं कारण नाही.

मग दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी, एक प्रश्न विचारा. 'तुला खरंच जायचंय का?' हा नव्हे. त्याला 'तुमची इच्छा असेल तर' हे उत्तर आपल्याकडे तयार ठेवलेलं असतं. विचारा, 'गेल्या वर्षीचं तुला काय आठवतं?' आणि गप्प बसा. त्या जे सांगतील त्यात दुरुस्ती करू नका. त्या म्हणाल्या बुधवारी वीज गेली आणि ती गेली होती मंगळवारी, तरी गप्प बसा. त्या कदाचित म्हणतील की पाऊस छान होता, तुमची चिडचिड छान नव्हती. ते ऐकून घेण्याची तयारी ठेवूनच प्रश्न विचारा. आणि 'तुम्हाला आवडतं म्हणून म्हटलं मी' असं आलं, तरी खट्टू होऊ नका. नवऱ्याला आवडतं म्हणून जाणं हाही जाण्याचा खरा प्रकार आहे. फक्त मग पाचातले दोन दिवस पूर्णपणे त्यांचे, आणि त्या दोन दिवसांची यादी तुम्ही मागायची नाही.

जायचं ठरलं, तर पुढचं काही कामाचं. हे तुमच्यासारखेच बेत करणाऱ्या बाकीच्यांसाठीही, कारण पावसाळा आला की 'कोकणात जाऊ का' विचारणारी पत्रं मला दर वर्षी येतात.

दिवसाला एक जागा. दुसरी जमली तर वरकमाई समजा. रत्नागिरी शहरात टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आणि थिबा राजवाडा, हा एक दिवस. मालगुंड आणि जयगड एका वाटेवर आहेत, दोन्ही गणपतीपुळ्याच्या पलीकडे, तो दुसरा दिवस, आणि यंदा गाळायचं झालंच तर जयगड गाळा. रत्नदुर्गासाठी वारच ठरवू नका. तो किल्ला तिन्ही बाजूंनी समुद्रात शिरलेला. वारा पडला आणि आभाळ जरा उघडलं की उठून जायचं, नाहीतर नाही. तिथलं दीपगृह 1867 पासूनचं आहे, तुमची आणखी एक वर्ष वाट बघेल.

दीपगृहांच्या वेळांबद्दल तुमची चूक अनेकांची होते. ती पर्यटनस्थळं म्हणून उभारलेली नाहीत, चालू कार्यालयं आहेत. लोकांना आत सोडतात ते बहुधा दुपार कलल्यावर, तास-दोन तास. त्यामुळे सकाळी फाटक बंद असणं हा तुमच्यावरचा अन्याय नव्हता. आदल्या दिवशी फोन करून विचारायचं. आणि वादळी वारा असेल तर वरच्या सज्जात जाऊ देत नाहीत, तेव्हा पहारेकऱ्याशी हुज्जत घालायची नाही. सुट्टीच्या वाराचंही तसंच. सरकारी वस्तुसंग्रहालयं बऱ्याच ठिकाणी सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार हा सरळ खिडकीत बसायचा वार ठेवा.

पण दीपगृह पाहायला वर चढलंच पाहिजे, हे तरी कुणी सांगितलं? तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, इतरांसाठी लिहिते. दिव्यापुढचं ते कड्याकड्यांचं भिंग ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्यानं 1820 च्या दशकात घडवलं. साध्या दिव्याचा इकडेतिकडे सांडणारा उजेड गोळा करून ते तो एका दिशेनं पाठवतं. दिवसा त्याच भिंगातून उलटा सूर्य आत येतो आणि दिव्याचं नुकसान करू शकतो, म्हणून दिवसा काचांना पडदे लावून ठेवायची पद्धत. म्हणजे भर दुपारी घाम गाळत वर चढलेल्याला कित्येकदा दिसतं काय, तर पडद्याआड झोपलेला दिवा. खरा तो रात्री. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते, किती लखलखाटांनंतर किती सेकंद अंधार, हे ठरलेलं. त्यावरूनच खलाशी ओळखतो की हे रत्नागिरी आणि हे जयगड. तुमच्या गोदीत त्यांची यादीच असायची ना? आणि इथे पाऊस तुमच्या बाजूचा आहे. कोरड्या रात्री दूरवरून नुसता ठिपका लकाकताना दिसतो. बारीक झिमझिम असली की फिरत्या भिंगातला झोत थेंबांवर उजळतो आणि अख्खा आरा आभाळातून फिरताना दिसतो. मुसळधार असेल तर काही दिसत नाही, हेही सांगून ठेवते. पण पाच रात्रींत एक तरी रात्र झिमझिमीची मिळते. जिथून दिवा दिसेल अशा पडवीत दोन खुर्च्या टाका. घड्याळात सेकंद मोजायचं काम त्यांना द्या. पोरांच्या शर्यतींचे सेकंद मोजलेत त्यांनी, चुकणार नाहीत.

घरांचं थोडं निराळं. थिबा राजवाड्याला तुम्ही पत्रात एक ओळ दिलीत, 'पाहिला, चाळीस मिनिटं'. मला तिथे जरा थांबायचंय. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. 1885 मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला राणी सुपायालत आणि मुलींसह रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा उभा राहायला 1910 उजाडलं. म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षं ते दुसऱ्याच बंगल्यांत राहिले, आणि राजवाड्यात राजाला मिळाली जेमतेम सहा वर्षं. 1916 मध्ये तो तिथेच वारला. राणीला मायदेशी परतता आलं ते 1919 मध्ये. हिशेब तुम्हीच करा : एक नवरा-बायको, एकच गाव, बाहेर जायची परवानगी नाही, आणि एकतीस पावसाळे. तत्काळची तिकिटं मिळण्याची सोय नाही.

मी तिथे एकदा ऑगस्टात गेले होते. वीज गेलेली. खोल्यांत उजेड असा नव्हताच, फक्त त्या अर्धगोल कोरीव खिडक्यांमधून जो काय करडा प्रकाश येत होता तेवढाच. मागच्या बाजूनं भाट्याची खाडी दिसते म्हणतात, मला दिसली नाही. दिसली ती पावसाची भिंत. ओल्या सागवानाचा वास होता, कुठेतरी गळणाऱ्या पाण्याखाली कुणीतरी पत्र्याचा डबा ठेवला होता आणि त्यात थेंब पडत होते. टक्, मग बराच वेळ काही नाही, मग टक्. माझ्याबरोबरची मंडळी पाच मिनिटांत कंटाळून गाडीत जाऊन बसली. मी राहिले. राणी या खिडकीशी किती जुलै उभी राहिली असेल, हे कोरड्या जानेवारीत माझ्या डोक्यातही आलं नसतं. त्या दिवशी मी राजवाड्यातल्या वस्तू फारशा पाहिल्या नाहीत, हे कबूल करते. तुमच्या वहीत ती भेट 'राहिलं'च्या रकान्यात जाईल.

टिळकांचं जन्मघर किंवा मालगुंडचं केशवसुतांचं घर, ही कोकणातल्या साध्या घरांचीच उदाहरणं, आणि ती घरं मुळात पावसासाठी बांधलेली. उतरतं कौलारू छप्पर, जांभ्याच्या भिंती, पुढे खाली झुकलेली पडवी. उन्हात पाहिलं तर नुसती बैठी, अंधारी घरं वाटतात. पागोळ्या गळायला लागल्या, पडवीच्या कडेनं पाण्याची झालर उतरली आणि आतली जमीन कोरडी राहिली, की कळतं हे असं का बांधलंय. म्हणून ओटीवर बसलेल्या तुमच्या पत्नी तीन दिवस 'जुनं घर' बघतच होत्या, तिकीट न काढता. मला तर वाटतं तुमच्या तीन जागांपेक्षा त्यांनी एक वास्तू जास्तच पाहिली.

कुणाच्या राहत्या घरात जायचं असेल तर आधी विचारून जा, जेवणाच्या वेळा टाळा. पिशवीत कोरडे मोजे आणि एक पंचा ठेवा, कारण निथळत्या पायांनी कुणाच्या सारवलेल्या जमिनीवर उभं राहणं बरं दिसत नाही. गोव्याकडे वळणाऱ्यांसाठीही हेच. चांदरचं ब्रागांझांचं घर, लोटलीचं फिगेरेदोंचं घर, ही पावसात निवांत बघण्याजोगी. पण तिथे आजही माणसं राहतात, तेव्हा फोन करून जावं आणि तिथली मदतपेटी रिकामी सोडून येऊ नये. आग्वादचं 1864 चं जुनं दीपगृह आता विझलेलं आहे, तिथे तुम्हाला दिव्याची वेळ सांभाळायला नको.

बाकी व्यवहार. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि ते दिसत नाही. तुमच्या त्या चामड्याच्या बुटांना यंदा घरीच ठेवा. विजेरी आणि जुनी वर्तमानपत्रं न्या, बूट भिजलेच तर आत कोंबायला वर्तमानपत्रासारखं दुसरं काही नाही. कोकण रेल्वेचं पावसाळ्यातलं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, त्यामुळे उतरल्या उतरल्या लगेच कुठे पोचायचंय असा बेत नको. सिंधुदुर्ग, जंजिरा यांच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, त्यांची आशाच धरू नका. समुद्रात पाय घालायचा नाही. गणपतीपुळ्याचा समुद्र तर उन्हाळ्यातही दगा देतो. हवामान खात्यानं रेड अलर्ट दिला तर घाटात आणि किल्ल्यावर जायचं नाही, आणि निघायच्या आधीच दिला तर निघायचंच नाही. तेवढ्यापुरतं, फक्त तेवढ्यापुरतं, परस्पर ठरवायला माझी परवानगी आहे.

जेवणाबद्दल तुम्ही तक्रार केलीय की 'कोकणात जाऊन ताजा मासा नाही'. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते हो, मासळीच्या विणीचा काळ तो. गोदीतल्या माणसानं हे विचारावं! त्या दिवसांत मिळते सुकी मासळी, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, टाकळ्याची नाहीतर फोडशीची भाजी, आणि साठवणीतल्या आठळ्या. तुम्ही सुरमई शोधत होतात तेव्हा हे सगळं त्या घरात चुलीवर होतं.

आणि एक, थोडं संकोचानंच. तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी वीज गेल्यावर 'दोघांनी नुसतं बसून काय करायचं, हा प्रश्न पडायचा'. निवृत्तीनंतर दोन वर्षांत तुम्ही याद्याच याद्या केल्यात, असं पत्रावरून दिसतं. नोकरीत असताना हा प्रश्न पडायला वेळ नव्हता, मुलगा घरात असताना गरज नव्हती. त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही, पण एक सांगते : अशा संध्याकाळी दोघांनी बोललंच पाहिजे असं नाही. हाताला काम असलं की पुरतं. यंदा आठळ्यांच्या टोपलीपाशी तुम्हीही बसा. वरचं पांढरं कडक साल काढायचं असतं, आतलं तांबडं तसंच राहिलं तरी चालतं. पहिल्या दिवशी नखं दुखतात.

आणि जायचं नक्की झालं, की त्या घरी फोन तुम्ही करू नका. त्यांना करू द्या. नंबर मागावा लागणार नाही. गेल्या अकरा महिन्यांत त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नसतील, असं मला काही वाटत नाही.